हजेरीपटावर आपले नाव कुठे आहे?

२०२५ च्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मानखुर्दच्या आमच्या वस्तीतील एक ताई हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. वय त्रेचाळीस, घरात दोन शिकती मुले, नवऱ्याचे काम कधी असते, कधी नसते. पिशवीत तीन गेटपास होते, ई. एस. आय. चे एक मळलेले कार्ड, शाई उडालेल्या चार पगारपावत्या आणि वहीच्या पानावर पेनाने लिहिलेला पी. एफ. नंबर.

"भाऊ, अकरा वर्षं औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं मोजली," त्या म्हणाल्या. "परवा गेटवर मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नका, माणसं कमी केलीत. आता माझं काय निघतं ते तुम्हीच मोजून सांगा."

आम्ही कागद चटईवर पसरले. तीन गेटपासवर कंपनीचे नाव एकच होते, खालचे कंत्राटदाराचे नाव मात्र तिन्हींवर वेगळे. पहिल्याकडे चार वर्षे, दुसऱ्याकडे चार आणि तिसऱ्याकडे तीन. जागा तीच, पट्टा तोच, सुपरवायझरही तोच. बदलले ते फक्त कागदावरचे मालक.

ताईंचे थोरले दीर शेजारच्याच इमारतीत राहतात. तेही औषध कंपनीतच होते, पण दुसऱ्या आणि कायम नोकरीत. २००३ साली त्यांनी व्ही. आर. एस. घेतली. त्यांना निदान लिफाफा मिळाला होता. ताईंना एक शब्द मिळाला: उद्यापासून येऊ नका. एकाच घरातल्या दोघांची नोकरी गेली, पण नंतरचे हक्क सारखे राहिले नाहीत. असे का होते आणि अशा वेळी आपण काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

खाडीपलीकडची नोकरी

मुंबईत औषधांचे कारखाने भांडुप, मुलुंड, ठाणे या पट्ट्यात आणि खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावर मोठ्या संख्येने उभे राहिले. परदेशी कंपन्यांची मोठमोठी आवारे, स्वच्छ कॅन्टीन, धुलाई भत्ता, दिवाळीचा बोनस. अशा कंपनीत चिकटलेल्या मुलाला मुलगी द्यायला लोक तयार असत. १९७३ साली वाशीचा पूल झाला आणि आमच्या मानखुर्दमधील माणसे बसने पलीकडे जाऊ लागली. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल धावू लागली, तेव्हा पहाटेची पाळी गाठणे सोपे झाले. आमच्या कितीतरी घरांत पहिली पिढी गोदीत किंवा सफाई खात्यात आणि दुसरी पिढी कारखान्यात, असा प्रवास याच काळात झाला.

पण लोकल सुरू झाली त्याच दशकात कारखाने हलू लागले. याची कारणे एकाहून अधिक आहेत. जगभर औषध कंपन्यांची विलीनीकरणे झाली. १९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. २००० साली ग्लॅक्सो वेलकम आणि स्मिथक्लाइन बीचम यांची एकच कंपनी झाली. दोन कंपन्यांची एक झाली की दोन कारखाने, दोन गोदामे आणि दोन कार्यालये कशाला, हा प्रश्न मालकाला पडतोच. दुसरे कारण म्हणजे औषध स्वतः न बनवता छोट्या कारखान्याकडून बनवून घेण्याची पद्धत वाढली. तिसरे, २००३ साली केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तरांचल या राज्यांतील नव्या कारखान्यांना उत्पादन शुल्कात दहा वर्षांची माफी दिली, त्यामुळे गोळ्या-कॅप्सूलचे काम बड्डीसारख्या ठिकाणी गेले. आणि चौथे कारण आपल्या पायाखाली होते: जमीन. २०१७ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ठाण्यातील सुमारे ६० एकर जागा एका बांधकाम कंपनीला ५५५ कोटी रुपयांना विकण्याचे ठरवले, तेव्हा कारखान्यातील यंत्रापेक्षा खालची माती महाग झाली आहे हे शेंबड्या पोरालाही कळले.

कारखाना हलतो, पण कामगार हलू शकत नाही. त्याची खोली, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचा दवाखाना इथेच असतो. म्हणून कपातीच्या वेळी कायदा काय म्हणतो हे त्याच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

ट्रॉम्बेचा खटला

या बाबतीत आपल्या मानखुर्दला अगदी लागून असलेल्या ट्रॉम्बेशी निगडित असा एक खटला प्रत्येक कामगाराने माहीत करून घ्यावा असा आहे. एस. जी. केमिकल्स अँड डाइज ट्रेडिंग ही औषधे आणि रंग यांच्या धंद्यातील कंपनी. अंबालाल साराभाई एंटरप्रायझेस या मोठ्या कंपनीची ती उपकंपनी होती. मुंबईत तिचे तीन विभाग होते. औषधांचा विभाग वरळीला, प्रयोगशाळा आणि रंगांचा कारखाना ट्रॉम्बेला आणि विक्रीचे कार्यालय चर्चगेटला.

१९८४ च्या जुलैमध्ये कंपनीने सरकारला नोटीस दिली की साठ दिवसांनी, म्हणजे सप्टेंबरमध्ये, आम्ही चर्चगेटचा विभाग बंद करीत आहोत. मुदत संपताच तेथील कामगारांना घरी बसवण्यात आले. कंपनीचे म्हणणे साधे होते. चर्चगेटला शंभर माणसे नाहीत आणि ते कार्यालय आहे, कारखाना नाही. शंभर वा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची आधी परवानगी लागते. आमच्याकडे तेवढे नाहीत, तेव्हा नुसती नोटीस पुरे.

युनियनने हे मानले नाही. ती औद्योगिक न्यायालयात गेली, तेथे हरली, आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे प्रश्न आला तो मोजणीचा. चर्चगेटची माणसे वेगळी मोजायची, की ट्रॉम्बेच्या कारखान्यातील माणसांबरोबर?

न्यायालयाने दोन्हीकडच्या कामाचा संबंध तपासला. ट्रॉम्बेला लागणारा कच्चा माल चर्चगेटमधून खरेदी होत होता. ट्रॉम्बेला तयार झालेला माल चर्चगेटमधून विकला जात होता. एक बंद पडले तर दुसरे चालू शकत नव्हते. म्हणजे पाटी दोन ठिकाणी असली तरी धंदा एकच होता. एप्रिल १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोन्ही विभागांतील कामगार एकत्र मोजले पाहिजेत. ती संख्या शंभरावर जात होती, म्हणून परवानगीवाचून केलेली बंदी बेकायदा ठरली. ज्यांना काढले ते कायद्याच्या दृष्टीने कामावरच होते, आणि त्यांचा पूर्ण पगार व भत्ते देणे कंपनीला भाग पडले.

वाचक बंधू-भगिनींनो, या निकालातील कलमांचे आकडे पाठ करायची गरज नाही. त्यातले तत्त्व मात्र लक्षात ठेवा. मालक माणसे तुकड्या-तुकड्याने मोजतो, कारण तुकडा लहान असला की कायदा लागू होत नाही. कामगाराने विचारायचे ते हे, की हे तुकडे खरोखर वेगळे आहेत का?

शंभर की तीनशे

हा शंभराचा आकडा आला कुठून, हेही पाहिले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक नवा भाग घालण्यात आला. ३०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफ, कपात किंवा बंदी करायची तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, असे त्यात होते. १९७८ साली मुंबईच्याच एका कपड्यांच्या कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदीविषयीचे कलम रद्द केले. मग १९८२ साली कायदा दुरुस्त करून ते कलम नव्याने लिहिले गेले आणि आकडाही ३०० वरून १०० वर आणला गेला. ही दुरुस्ती ऑगस्ट १९८४ मध्ये अमलात आली. चर्चगेटचा विभाग बंद झाला तो त्यानंतर काही आठवड्यांनी. ती तारीख थोडी मागेपुढे झाली असती तर त्या कामगारांचा निकाल कदाचित वेगळा लागला असता.

पुढे चाळीस वर्षे तो आकडा शंभरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने जुन्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली आणि परवानगीचा आकडा पुन्हा ३०० वर नेला. याचा अर्थ सरळ आहे. दोनशे-अडीचशे कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारच्या दारात जायची गरज उरली नाही. अशा ठिकाणी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी, एवढे दिले की कपात कायदेशीर होते. कारखाना पूर्ण बंद करायचा आणि पन्नास वा अधिक कामगार असतील, तर साठ दिवसांची नोटीस लागते.

नव्या संहितेत काही जमेच्याही बाजू आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. कपात झालेल्या कामगाराला नवे काम शिकण्यासाठी म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांची मजुरी एका निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी तरतूद आहे. नोकरी कशीही सुटो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याला एका वर्षानंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. मात्र मुदत संपून नोकरी गेली तर तिला कपात म्हणत नाहीत, म्हणजे कपातीची भरपाई तेथे मिळत नाही. सही करण्याआधी आपले पत्र 'कायम' आहे की 'मुदतीचे', हे वाचून घ्यावे ते यासाठी.

आमच्या वस्तीतील जी मुले बी. एस्सी. होऊन औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांकडे फिरतात, त्यांच्यासाठीही एक गोष्ट बदलली आहे. १९९४ साली सँडोझ कंपनीशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले होते की वैद्यकीय प्रतिनिधी हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील कामगार नव्हे. त्यांना १९७६ च्या वेगळ्या कायद्याचा आधार घ्यावा लागे. नव्या संहितेने विक्रीवृद्धी कर्मचाऱ्यांना 'कामगार' या व्याख्येतच घेतले आहे.

झाडू मारणारा कुणाचा?

आता ताईंच्या पिशवीकडे वळू. त्यांची खरी अडचण शंभर-तीनशेची नाही. त्या कंपनीच्या मोजणीतच नाहीत.

मुंबईतील सिपला या औषध कंपनीच्या आवारात साफसफाई आणि देखभालीचे काम कंत्राटदारामार्फत होत असे. महाराष्ट्र जनरल कामगार युनियनने तक्रार केली की हे कंत्राट केवळ दिखाऊ आहे, ही माणसे खरे तर कंपनीचीच आहेत. तक्रार केली ती महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली, कारण तो रस्ता जवळचा होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मालक-कामगार हे नातेच जेथे वादात आहे, तेथे या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. आधी योग्य न्यायासनापुढे नाते सिद्ध करा, मग या दाराने या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की एखाद्या कामातील कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली तरी कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीत कायम होत नाही. कंत्राट बनावट असल्याचे सिद्ध झाले, तरच तो हक्क मिळतो.

झाडू मारण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कायम माणूस यंत्रावर आणि आमची माणसे त्या यंत्राखालची जमीन पुसायला, ही वाटणी कंपनीच्या कागदांत कुठेही लिहिलेली नसते. पण हजेरीपट पाहिला की दिसते. कपात आली की पहिली कुऱ्हाड त्या हजेरीपटावर पडते जो कंपनीच्या कचेरीत नसून मुकादमाच्या बगलेत असतो.

तरी लांबचा रस्ता बंद झालेला नाही, आणि त्या रस्त्याने जाऊन जिंकलेली माणसे आपल्याच शेजारात आहेत. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतुकीवरील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा खटला कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवला. कंत्राट हा देखावा आहे हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे पुराव्याने दाखवले. २०१४ साली तेथे निकाल बाजूने लागला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. हे वर्षानुवर्षांचे काम होते. काम कुणी सांगितले, हजेरी कुणी घेतली, साहित्य कुणाचे, वर्षानुवर्षे काम तेच होते की नाही, अशा साध्या साध्या गोष्टींच्या पुराव्यावरच असे खटले उभे राहतात.

'स्वेच्छा' या शब्दाची किंमत

आता ताईंच्या दीरांची गोष्ट. २००३ साली त्यांच्या कंपनीत नोटीस बोर्डावर व्ही. आर. एस. ची योजना लागली. आठ दिवसांची मुदत होती. जे घेणार नाहीत त्यांची बदली कुठे होईल सांगता येत नाही, असे कॅन्टीनमध्ये बोलले जात होते. त्यांनी सही केली. हाती बरी रक्कम आली. त्यात घराची दुरुस्ती झाली, एका मुलीचे लग्न झाले, एक रिक्षा घेतली. चार वर्षांत पैसे संपले.

पुढे त्यांना कळले की जुन्या पगारवाढीच्या कराराची थकबाकी त्यांच्या नावे निघायला हवी होती. ते कचेरीत गेले, तेव्हा त्यांच्यासमोर त्यांचीच सही ठेवण्यात आली. त्यावर लिहिले होते की माझी कंपनीकडे कोणतीही मागणी शिल्लक नाही.

कायद्याची बाजू येथे कामगाराच्या विरोधात आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये, सरकारी खत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्वेच्छानिवृत्तीची रक्कम ही नोकरी आणि तिच्यासोबतचे सर्व दावे सोडण्याबद्दल असते. ती घेतल्यावर मागच्या पगारवाढीसाठी परत येता येत नाही. ई. एस. आय. ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. कपात वा बंदीमुळे नोकरी गेलेल्या विमाधारकाला तिच्यातून काही काळ बेकारी भत्ता मिळतो, पण स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला मिळत नाही. म्हणजे 'स्वेच्छा' हा एक शब्द लिहून दिला की दोन्हीकडची दारे लागतात.

व्ही. आर. एस. घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. कारखाना जाणारच असेल तर चांगला लिफाफा घेणे शहाणपणाचेही असते. पण आधी थकबाकी, रजेचा पगार, ग्रॅच्युइटी आणि बोनस वेगवेगळे लिहून मागावे. व्ही. आर. एस. ची रक्कम या सर्वांच्या वर असते, यांच्या बदल्यात नव्हे. सही एकट्याने करू नये. युनियनमार्फत सर्वांचा एक करार होत असेल तर तो वाचून मग करावी. आणि घरात बायकोला आकडा सांगितल्याशिवाय तर मुळीच करू नये, कारण त्या पैशांवर घर तिलाच चालवायचे असते.

अकरा वर्षांचे तीन तुकडे

ताईंच्या कागदांवर आम्ही हिशेब मांडला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये धरू. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा असतो: महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. १५,६०० ला २६ ने भागले की ६०० रुपये रोज. पंधरा दिवसांचे ९,०००. अकरा वर्षांचे ९९,००० रुपये. पण साधारणपणे ग्रॅच्युइटीला एका मालकाकडे सलग पाच वर्षे लागतात. चार, चार आणि तीन. तिन्ही तुकडे पाचाच्या आतले. एकत्र मोजले तर ९९,०००, वेगळे मोजले तर शून्य.

ट्रॉम्बेच्या खटल्यात कंपनीने माणसांचे तुकडे केले होते. येथे वर्षांचे तुकडे झाले आहेत. युक्ती तीच आहे.

पेन्शनचेही असेच. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची सेवा झाली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याची पेन्शन मिळते. ताईंची सेवा अकरा वर्षांची. पण पहिले कंत्राट सुटले तेव्हा मुलाच्या प्रवेशासाठी त्यांनी पी. एफ. काढला, आणि त्याबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले. ती चार वर्षे पुसली गेली. आता उरली सात. "तेव्हा कुणी सांगितलं नाही हो," त्या म्हणाल्या. खरेच कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही येथे सांगतो: नोकरी सुटली आणि पैशांची अगदी नड असली, तरी शक्य तो पी. एफ. चाच भाग काढावा. पेन्शनची रक्कम काढू नये. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावे किंवा खाते नव्या नोकरीत जोडून घ्यावे. ताईंना पी. एफ. असलेल्या कोणत्याही ठिकाणी आणखी तीन वर्षे काम मिळाले तर त्यांची पेन्शन अजूनही वाचू शकते.

या हिशेबात एक दिलासाही निघाला. मुकादमाने गेटवर त्यांच्यापुढे एक छापील कागद धरला होता. "मी स्वखुशीने काम सोडत आहे," असे त्यावर होते. सही केली तर राहिलेला पगार लगेच देतो, असे तो म्हणाला. ताई म्हणाल्या, चष्मा घरी राहिला, वाचून उद्या करते. चष्मा पिशवीतच होता. आमच्या मते त्या अकरा वर्षांतले सर्वात मोलाचे काम त्यांनी त्या दिवशी केले. राजीनामा नाही म्हणून ती कपात ठरते. कपात ठरली की निदान शेवटच्या कंत्राटदाराकडून एका महिन्याचा नोटीसपगार, तीन वर्षांची प्रत्येकी पंधरा दिवसांची भरपाई, रजेचा पगार आणि बोनस यांवर हक्क उभा राहतो. केलेल्या कामाची मजुरी कंत्राटदाराने बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

नोकरी गेल्यावर काय करावे

आमच्या वाचकांनी हा भाग कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा.

पहिली गोष्ट, कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये. राजीनामा मागितला तर "वाचून देते" म्हणावे.

दुसरी, तोंडी काढले तर त्याच आठवड्यात मालकाला आणि कंत्राटदाराला साध्या मराठीत पत्र लिहावे: अमुक तारखेपासून मला कामावर घेतले जात नाही, मी काम करण्यास तयार आहे. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

तिसरी, कागद एकत्र करावेत. गेटपास, पगारपावत्या, ई. एस. आय. कार्ड, पी. एफ. चे पासबुक, बँकेतील पगाराच्या नोंदी, पाळीचे तक्ते, सुपरवायझरने मोबाईलवर पाठवलेले निरोप. कंपनीच्या गणवेशातला जुना फोटोही पुरावा असतो. बरोबर काम करणाऱ्या चार जणींची नावे आणि पत्ते लिहून ठेवावेत.

चौथी, वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात जाऊन तक्रार द्यावी. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला, की पुढे न्यायाधिकरणाकडे जाता येते. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षे होती, नव्या संहितेत दोनच आहेत. 'बघू पुढे' म्हणत बसणाऱ्याचा हक्क कॅलेंडरच खाऊन टाकते. अर्जांचे नमुने आणि नियम सध्या बदलत आहेत, म्हणून कुठला अर्ज भरायचा ते तेथेच विचारून भरावा.

पाचवी, वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतील बौद्धांनाही तो दर्जा मिळाला. ताईंना तर हा हक्क तीन बाजूंनी आहे. १५१०० या मोफत क्रमांकावर विचारणा करता येते.

सहावी, कपात झालेल्या जागी मालक वर्षाच्या आत नवी माणसे घेऊ लागला, तर जुन्या माणसांना आधी बोलावणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून गेटवरच्या मैत्रिणींशी बोलणे तोडू नये. नवी भरती झाल्याची बातमी आधी त्यांनाच कळते.

जुना वारसा

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध तो एक दिवसाचा संप होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात पुढे होता. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांनी नोकरीच्या अटी लेखी ठेवाव्यात आणि त्या कामगाराला ठाऊक असाव्यात, असे सांगणारा स्थायी आदेशांचा कायदा १९४६ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाला. अटी लेखी हव्यात, या एका गोष्टीत किती बळ आहे हे ताईंची पिशवी पाहिली की कळते. ज्या गोष्टी कागदावर होत्या त्यांच्यासाठी आज भांडता येते. ज्या नव्हत्या त्या मुकादमाच्या तोंडी राहिल्या.

ताई आणि त्यांच्याबरोबर काढलेल्या आणखी सहाजणी जानेवारीत कामगार भवनात जाऊन आल्या. एकट्या ताईंचे तीन गेटपास होते. सातजणींचे मिळून एकोणीस निघाले, आणि प्रत्येकावर वर नाव त्याच कंपनीचे. तारीख मिळाली आहे. निकाल काय लागेल हे आज सांगता येणार नाही, आणि खोटी आशा दाखवण्याची आमची रीत नाही. ताई सध्या गोवंडीत एका घरी स्वयंपाकाला जातात आणि पी. एफ. असलेली नोकरी शोधतात.

निघताना त्या आम्हाला म्हणाल्या, "धाकटीला त्याच लाईनला काम मिळतंय, लावू का?"

आम्ही म्हणालो, लावा. पण पहिल्या दिवशी तिला तीन गोष्टी विचारायला सांगा: नेमणूकपत्र कुणाच्या नावाने आहे, पी. एफ. कुणाच्या नावाने भरला जातो आणि हजेरी कोण घेतो. आणि तिन्हींची उत्तरे तिच्या हाताने वहीत लिहून घ्या.